वर्षाची बेरीज, क्षणाचा हिशेब : देशाच्या विजेचा ताळेबंद कसा वाचावा

२०२२ साली ब्रिटनने शेजारी देशांकडून जेवढी वीज घेतली, त्याहून जास्त त्यांना विकली. २०१० नंतर पहिल्यांदाच असं घडलं. निव्वळ निर्यात पाच अब्ज युनिटांच्या थोडी वर होती. पुढच्याच वर्षी काटा उलटा फिरला : २०२३ मध्ये सुमारे २४ अब्ज युनिटांची निव्वळ आयात, आणि २०२४ मध्ये ती ३३ अब्जांच्या घरात, म्हणजे त्या देशाच्या इतिहासातली सर्वाधिक. हे तीन आकडे ओळीने वाचले तर वाटेल, ब्रिटनमधली वीजकेंद्रं एका रात्रीत बंद पडली असावीत. तसं काही झालं नव्हतं. गडबड इंग्लिश खाडीपलीकडे होती, फ्रान्समध्ये.

फ्रान्सची बहुतांश वीज अणुभट्ट्यांतून येते. २०२१ च्या अखेरीस तिथल्या काही अणुभट्ट्यांच्या पाइपांना गंजाने तडे गेल्याचं लक्षात आलं. तपासणीसाठी एकेक भट्टी बंद करावी लागली. करोनाच्या काळात पुढे ढकललेली देखभालीची कामंही नेमकी त्याच वर्षी आली. त्यात उन्हाळा कडक आणि कोरडा. नद्यांचं पाणी तापलं, त्यामुळे भट्ट्या थंड करण्यावर मर्यादा आल्या. धरणांत पाणी कमी, म्हणून जलविद्युतही घटली. ऑगस्टच्या अखेरीस ५६ पैकी निम्म्याहून जास्त भट्ट्या बंद होत्या. वर्षभरात अणुवीज भरली २७९ अब्ज युनिट, १९८८ नंतरची सर्वांत कमी. पिढ्यान्‌पिढ्या वीज विकणारा हा देश १९८० नंतर प्रथमच निव्वळ आयातदार झाला. त्याची भूक भागवायला ब्रिटनची गॅसवरची केंद्रं जास्त चालली. २०२३ मध्ये भट्ट्या दुरुस्त होऊन परतल्या, फ्रान्सची निव्वळ निर्यात ५० अब्ज युनिटांवर गेली, २०२४ मध्ये ८९ अब्जांचा विक्रम झाला, आणि ब्रिटन पुन्हा गिऱ्हाईक बनला.

विजेचा वार्षिक ताळेबंद एका देशाच्या नावाने छापला जातो खरा, पण त्यातल्या कित्येक आकड्यांची कारणं सरहद्दीपलीकडे असतात. आणि दुसरी भानगड याहून खोल आहे. वर्षभराची बेरीज ही अशा वस्तूची बेरीज आहे, जी जवळजवळ साठवताच येत नाही. म्हणून बेरीज बरोबर असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

आधी ताळेबंदाचा सांगाडा पाहू. एका बाजूला पुरवठा : देशात तयार झालेली वीज, अधिक आयात, वजा निर्यात. दुसऱ्या बाजूला वापर : कारखाने, घरं, दुकानं आणि कचेऱ्या, शेती, रेल्वे, वीज व इंधन उद्योगाचा स्वतःचा खप, आणि तारांमधली गळती. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. एवढंच.

कोळशाच्या किंवा तेलाच्या ताळेबंदात आणखी एक ओळ असते, साठ्यातल्या फरकाची. यंदा जास्त खणला आणि कमी जाळला, तर उरलेला कोळसा ढिगाऱ्यात दिसतो. विजेच्या ताळेबंदात ही ओळ नसल्यातच जमा. विजेचा ढीग लावता येत नाही. त्यामुळे पुरवठा आणि वापर वर्षअखेरीस जुळून भागत नाही. ते दर सेकंदाला जुळलेले असावे लागतात.

जुळले नाहीत तर काय होतं, हे वारंवारतेत दिसतं, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तनं करतो त्यात. काही देशांत ती ५० हर्ट्झ, काही देशांत ६०. मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की जनित्रांवर भार येतो, ती किंचित मंदावतात आणि वारंवारता खाली सरकते. पुरवठा जास्त झाला की ती वर चढते. नियंत्रण कक्षातली माणसं दिवसभर हाच आकडा पाहत असतात. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरला. सामना संपताच लक्षावधी लोक एकदम उठले, चहासाठी किटल्या लागल्या, आणि ब्रिटनची मागणी काही मिनिटांत २,८०० मेगावॉटने उसळली. तेवढी वीज त्याच मिनिटांत कुठूनतरी उभी करावी लागली. त्या वर्षाच्या एकूण वापरात ही उसळी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

पुरवठ्याची बाजू : क्षमता वेगळी, वीज वेगळी

बातम्यांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मेगावॉट आणि युनिट यांचा. मेगावॉट म्हणजे केंद्र एका क्षणी किती जोर लावू शकतं (हजार मेगावॉट म्हणजे एक गिगावॉट). युनिट म्हणजे त्या जोराने किती वेळ काम झालं. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. देशाच्या ताळेबंदात अब्ज युनिट वापरतात, त्यालाच टेरावॉट-तास असंही म्हणतात.

१,००० मेगावॉटचं केंद्र वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, अखंड पूर्ण क्षमतेने चाललं, तर ८.७६ अब्ज युनिट वीज देईल. असं कोणतंच केंद्र चालत नाही. चांगली चालवलेली अणुभट्टी यातले ८० ते ९० टक्के गाठते. सौर पॅनेलना रात्र असते, ढग असतात. ढगाळ उत्तर युरोपात ती जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास राहतात, उन्हाच्या प्रदेशात २० टक्के किंवा किंचित वर. म्हणून 'देशाची सौर क्षमता अणुक्षमतेपेक्षा जास्त झाली' हे वाक्य खरं असूनही सौर वीज अणुविजेपेक्षा कमी असू शकते. क्षमतेचा तक्ता आणि निर्मितीचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय कोणत्याही मथळ्यावर विश्वास ठेवू नये, असं मला वाटतं.

दुसरा बारीक फरक ढोबळ आणि निव्वळ निर्मितीचा. कोळशाच्या केंद्राला कोळसा दळायला, पाणी पंपायला, राख हलवायला स्वतःचीच वीज लागते, साधारण सहा-आठ टक्के. पाण्यावरच्या केंद्राला त्यामानाने फारच थोडी. एक देश ढोबळ आकडा छापतो, दुसरा निव्वळ, आणि तुलना करणारा दोन्ही एकाच आलेखात घालतो. देशाने कोळसा सोडून वाऱ्याकडे वळायचं ठरवलं, तर ढोबळ निर्मिती थोडी घटूनही लोकांपर्यंत पोचणारी वीज तेवढीच राहू शकते. हे घट म्हणून वाचलं जातं, आणि ते चूक असतं.

निर्मितीच्या मिश्रणात वर्षागणिक होणारे बदल दोन प्रकारचे असतात, आणि ते वेगळे काढणं हेच खरं वाचन. पहिला प्रकार हळू आणि एका दिशेचा. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशातून येत होती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथलं शेवटचं कोळशाचं केंद्र बंद झालं. बारा वर्षांत चाळीसवरून शून्य. हा कल आहे. दुसरा प्रकार हवामानाचा : यंदा वारा कमी वाहिला, यंदा पाऊस ओढला, यंदा भट्टी दुरुस्तीला गेली. हा हेलकावा आहे. नॉर्वेची जवळजवळ नव्वद टक्के वीज पाण्यातून येते आणि साधारणपणे तो देश निर्यातदार असतो. तरीही २०१० हे कोरडं आणि गारठ्याचं वर्ष आलं आणि नॉर्वे निव्वळ आयातदार ठरला. त्या एका वर्षावरून 'नॉर्वेची वीज संपत चालली' असं कुणी लिहिलं असतं, तर पुढच्याच पावसाळी वर्षांनी त्याला खोटं पाडलं असतं. एका वर्षाची तुलना आधीच्या एकाच वर्षाशी करणं म्हणजे बहुतेकदा दोन पावसांची तुलना करणं.

मागणी : मोजलेली आणि न मोजलेली

ताळेबंदात 'मागणी' असं लिहिलेलं असतं, पण मोजलेला असतो तो वापर. हे दोन्ही एकच, असं गृहीत धरून आपण पुढे जातो. ज्या देशात बटण दाबलं की दिवा लागतो, तिथे ते खपून जातं. पण दक्षिण आफ्रिकेचा ताळेबंद घ्या. तिथे २००७-०८ पासून भारनियमन सुरू झालं, आणि २०२३ हे त्यातलं सर्वांत वाईट वर्ष. जी वीज मिळालीच नाही, ती वापराच्या ओळीत येत नाही. आकडा घटतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं मागणी कमी झाली, काटकसर झाली. प्रत्यक्षात लोक अंधारात बसलेले असतात किंवा डिझेलचं जनित्र लावून बसलेले असतात, आणि त्या डिझेलचा हिशेब तेलाच्या तक्त्यात गेलेला असतो. नेपाळने दिवसाला सोळा-सोळा तासांचं भारनियमन पाहिलं आहे. तिथे नंतर वापर झपाट्याने चढला, त्यात दाबलेल्या मागणीला वाट मिळाल्याचा हिस्सा किती आणि नव्या मागणीचा किती, हे बेरीज सांगत नाही.

याच्या अगदी उलट गंमत छतावरच्या सौर पॅनेलची. ऑस्ट्रेलियात ४० लाखांहून जास्त छतांवर पॅनेल आहेत. दुपारी घर स्वतःच्या छतावरची वीज वापरतं, तेव्हा ती ग्रीडच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याच्या, मीटरला दिसत नाही. ग्रीड चालवणाऱ्याला दिसतं की मागणी कोसळली. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात काही दुपारी एकट्या छतांनीच जवळजवळ साऱ्या राज्याची गरज भागवली आहे. घरांनी वीज कमी वापरली का? नाही, कदाचित जास्तच वापरली असेल, वातानुकूलक बिनघोर चालवून. पाकिस्तानने २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉटचे सौर पॅनेल आयात केले. महाग आणि बेभरवशाच्या ग्रीडला कंटाळून कारखाने, शेतकरी आणि घरमालक यांनी आपापली सोय करून घेतली. परिणामी ग्रीडवरची मागणी ढिली पडली. असे आकडे अर्थव्यवस्था मंदावल्याचा पुरावा म्हणून वापरण्याआधी छतांकडे पाहायला हवं. काही देश छतावरच्या विजेचा अंदाज बांधून ती निर्मिती आणि वापर अशा दोन्ही बाजूंना घालतात, काही घालत नाहीत. तळटीप वाचण्याचं कष्टाचं काम इथेच उपयोगी पडतं.

समृद्ध देशांत मागणी खरोखरच घटल्याचीही उदाहरणं आहेत. ब्रिटनचा वापर २००५ च्या सुमारास शिखरावर होता, त्यानंतर तो सुमारे एक-पंचमांशाने उतरला. एलईडी दिवे आले, फ्रीज आणि टीव्ही कमी वीज खाऊ लागले, आणि पोलादासारखे वीजखाऊ उद्योग आक्रसले. शेवटच्या कारणाबद्दल फार कौतुक करून घेऊ नये. कारखाना तिकडे गेला की वीजही तिकडच्याच ताळेबंदात जाते; माल मात्र जहाजाने परत येतो.

आता उलट वारं सुरू झालं आहे. विजेवरच्या गाड्या, घर गरम करणारे हीट पंप, आणि डेटा सेंटर. आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरवर मोजलेल्या एकूण विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरांत जात होती. २०२३ मध्ये हे प्रमाण २१ टक्के झालं, देशाच्या शहरी भागातल्या सगळ्या घरांच्या मिळून वापरापेक्षा जास्त. देशाच्या मागणीचा आकार आठ वर्षांत असा बदलणं दुर्मीळ आहे.

हवामान मागणीलाही सोडत नाही. फ्रान्समध्ये पुष्कळ घरं विजेवर तापवली जातात. हिवाळ्यात तापमान एक अंशाने उतरलं की तिथली मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने वाढते, म्हणजे दोन मोठ्या अणुभट्ट्यांएवढी. थंडी सौम्य गेली की वर्षाचा आकडा आपोआप खाली येतो आणि मंत्री काटकसरीचं श्रेय घेतात. म्हणून चांगले तक्ते तापमानाची दुरुस्ती करून दुसरा आकडा देतात. वाचायचा असेल तर तो वाचावा. लीप वर्षाचा एक जादा दिवससुद्धा पाव टक्क्याहून थोडी जास्त वाढ नुसत्या पंचांगामुळे दाखवतो. आणि 'वर्ष' तरी कुठे एकच असतं? युरोप जानेवारी ते डिसेंबर मोजतो, भारत एप्रिल ते मार्च, नेपाळ जुलैच्या मध्यापासून पुढच्या जुलैच्या मध्यापर्यंत.

व्यापार : निव्वळ आकडा काय झाकतो

आता ताळेबंदातली माझी सर्वांत आवडती आणि सर्वांत फसवी ओळ : निव्वळ आयात.

समजा एका देशाने वर्षात ३० अब्ज युनिट घेतली आणि ३० अब्ज विकली. निव्वळ शून्य. दुसरा देश एका बेटावर आहे, कोणाशी तार जोडलेली नाही, त्याचंही निव्वळ शून्य. ताळेबंदात दोघे सारखे. प्रत्यक्षात पहिला देश शेजाऱ्यांवर दिवसरात्र विसंबून आहे आणि शेजारीही त्याच्यावर.

भूतानचं पाहा. हिमालयातल्या नद्यांवरची केंद्रं, मोठे साठे नाहीत. पावसाळ्यात नद्या दुथडी भरतात तेव्हा देशाच्या गरजेच्या कितीतरी पट वीज तयार होते आणि ती भारतात येते. हिवाळ्यात पाणी गोठतं, नद्या बारीक होतात, आणि नेमका त्याच वेळी घरं तापवायला वीज लागते. तेव्हा भूतान भारताकडून वीज विकत घेतो. वर्षाची बेरीज म्हणते 'निर्यातदार'. जानेवारीचा भूतान मात्र आयातदार आहे. आल्प्समधल्या स्वित्झर्लंडचीही चाल अशीच : उन्हाळ्यात देतो, हिवाळ्यात घेतो.

भारत २०१६-१७ मध्ये पहिल्यांदा निव्वळ निर्यातदार झाला, तेव्हा त्याच्या मथळेबाज बातम्या झाल्या. खरा प्रकार असा होता की भूतानकडून येणारी वीज आणि नेपाळ, बांगलादेश, म्यानमारला जाणारी वीज यांत दुसरी बाजू थोडी जड झाली. देशाच्या एकूण वापरापुढे दोन्ही आकडे किरकोळ होते. पण शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते किरकोळ नव्हते. नेपाळ स्वतः पुढे पावसाळ्यात वीज विकू लागला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या तारांमधून त्याची ४० मेगावॉट वीज बांगलादेशला पोचली. चाळीस मेगावॉट म्हणजे फारसं काही नाही. पण तीन देशांच्या मीटरवर एकच व्यवहार नोंदवायचा तर कागदपत्रं किती लागली असतील, याची कल्पना करा.

मग वीज कोणत्या दिशेला वाहते? बाजार जोडलेले असतील तर सहसा स्वस्ताईकडून महागाईकडे. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे : आयात म्हणजे टंचाई. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, आणि त्या वर्षी २००२ नंतर प्रथमच तो निव्वळ आयातदार झाला. दोन्ही गोष्टी जोडून 'जर्मनीला वीज पुरेना' असं म्हणणं सोपं होतं. भट्ट्या गेल्याचा परिणाम होताच, नाही असं नाही. पण जर्मनीकडे कोळशाची आणि गॅसची केंद्रं उभी होती. ती चालवून निघणारी वीज कित्येक तासांना शेजाऱ्यांच्या पाण्याच्या, वाऱ्याच्या किंवा अणूच्या विजेपेक्षा महाग पडत होती. घरात चूल आहे म्हणून रोज पेटवलीच पाहिजे असं नाही.

स्वस्ताईची हद्द म्हणजे शून्याखालचा भाव. २०२४ मध्ये जर्मनीच्या घाऊक बाजारात ४५७ तास असे होते की विजेचा भाव ऋण होता. वीज घेणाऱ्याला वरून पैसे मिळत. ऊन आणि वारा दोन्ही जोरात, सुट्टीमुळे मागणी कमी, आणि काही केंद्रं बंद करून पुन्हा चालू करणं तोट्याचं म्हणून ती चालूच ठेवलेली, असे तास. त्याच वर्षी वारा पडलेल्या हिवाळी संध्याकाळी भाव गगनाला भिडले. वर्षाचा सरासरी भाव काढला की दोन्ही टोकं एकमेकांना पुसून टाकतात.

अशा ठिकाणी नॉर्वेची धरणं कामाला येतात. तिथल्या जलाशयांत सुमारे ८७ अब्ज युनिटांएवढं पाणी मावतं, देशाच्या वर्षाच्या निर्मितीच्या निम्म्याहून जास्त. डेन्मार्कमध्ये वारा सुटला की नॉर्वे स्वतःचे झडप बंद करतो, डेन्मार्कची स्वस्त वीज वापरतो आणि पाणी राखून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडून वीज परत विकतो, अर्थात जास्त भावाने. डेन्मार्क आपल्या निम्म्याहून जास्त गरज वाऱ्यावर भागवू शकतो, त्यामागे शेजाऱ्याच्या या पाण्याचा मोठा हात आहे. २०२१ मध्ये नॉर्वेने समुद्राखालून जर्मनी आणि ब्रिटन दोघांनाही प्रत्येकी १,४०० मेगावॉटच्या केबल जोडल्या. मग २०२२ मध्ये युरोपात वीज महागली, तेव्हा तिथले भाव केबलमधून दक्षिण नॉर्वेत उतरले, आणि आयुष्यभर स्वस्त विजेची सवय झालेल्या लोकांनी विचारायला सुरुवात केली, की आपलं पाणी असताना बिल जर्मनीचं का? व्यापाराच्या ओळीत हा राग दिसत नाही, पण पुढच्या केबलला परवानगी मिळणार की नाही हे त्यावरच ठरतं.

काही व्यापार तर दगडात कोरलेला असतो. ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरचं इताइपू धरण : १९७३ चा करार, १४,००० मेगावॉट, वीज अर्धी-अर्धी. ब्राझीलची वारंवारता ६० हर्ट्झ, पॅराग्वेची ५०. म्हणून वीस जनित्रांपैकी दहा ५० वर फिरतात, दहा ६० वर. पॅराग्वेला आपला अर्धा वाटा संपूर्ण वापरता आलेला नाही. उरलेली वीज ब्राझीलकडे जाते. ताळेबंदात पॅराग्वे बलाढ्य निर्यातदार दिसतो, पण त्याच्या निर्यातीमागे बाजारातल्या भावापेक्षा पन्नास वर्षांपूर्वीच्या कराराचा हात जास्त आहे.

आणि काही व्यापार ताळेबंदात येतच नाही. आइसलँडला कोणाशीही वीजवाहिनी नाही. आयात शून्य, निर्यात शून्य. पण तिथली सुमारे दोन-तृतीयांश वीज अॅल्युमिनियमच्या कारखान्यांत जाते. एक किलो अॅल्युमिनियम वितळवून काढायला चौदा-पंधरा युनिट लागतात. म्हणजे आइसलँड वीज विकतोच, फक्त धातूच्या लाद्यांच्या रूपात, बोटीने. जपानचंही विजेच्या आयातीचं खातं शून्य. पण २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तिथल्या अणुभट्ट्या एकेक करून थांबल्या, आणि सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ या काळात एकही चालू नव्हती. ती पोकळी भरली बाहेरून येणाऱ्या द्रवरूप गॅसने आणि कोळशाने. 'विजेत स्वयंपूर्ण' असं त्या शून्यावरून म्हणाल, तर बंदरात रांगेने उभी असलेली गॅसची जहाजं हसतील.

बॅटरी आल्यावर

विजेचा ढीग लावता येत नाही, असं मी वर ठामपणे लिहिलं. त्याला अपवाद आहेत आणि ते वाढत आहेत. जुना अपवाद उदंचन प्रकल्पांचा : वीज स्वस्त असताना पाणी वरच्या तलावात चढवायचं, महाग असताना खाली सोडायचं. चार युनिट घातली की साधारण तीन परत मिळतात. म्हणून वर्षाच्या हिशेबात हे केंद्र चक्क तोट्यात दिसतं. जेवढी वीज देतं त्यापेक्षा जास्त खातं. नवख्या वाचकाला प्रश्न पडतो, असं केंद्र ठेवतातच कशाला? ते वेळ विकतं, आणि वेळेला वार्षिक तक्त्यात रकाना नाही. बॅटरीचंही तसंच, फक्त गळती कमी. बॅटऱ्या वाढतील तसा एकच युनिट दोनदा मोजला जाण्याचा धोकाही वाढेल : एकदा सौर केंद्रातून निघताना, एकदा बॅटरीतून.

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. स्पेनमध्ये पाच सेकंदांत सुमारे १५ गिगावॉट निर्मिती गायब झाली. फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आलेल्या तारांच्या आधाराने ग्रीड तुकड्यातुकड्याने पुन्हा उभं केलं गेलं, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. लिफ्ट अडकल्या, रेल्वे थांबल्या, सिग्नल बंद पडले. स्पेनच्या त्या वर्षाच्या एकूण वापराशी ही तूट ताडून पाहिली, तर ती टक्क्याचा एखादा किरकोळ अंश निघेल. वार्षिक आलेखात त्या दिवसाचा खळगाही दिसणार नाही.

ताळेबंदाच्या अगदी तळाशी बहुधा एक छोटी ओळ असते : सांख्यिकीय तफावत. पुरवठ्याची बेरीज आणि वापराची बेरीज यांत उरलेला फरक. पुरवठा मोजणारे मीटर केंद्रांवर असतात, तासातासाला वाचले जातात. वापर मोजणारे मीटर कोट्यवधी घरांत असतात, कोणी महिन्याने वाचतं, कोणी तिमाहीने, काहींचा नुसता अंदाज बांधलेला असतो. डिसेंबरची वीज जानेवारीच्या बिलात जाते. चोरीची वीज कुठल्याच बिलात जात नाही. मग दोन बाजू तंतोतंत जुळतील कशा? एखाद्या देशाच्या तक्त्यात ही तफावत वर्षानुवर्षं शून्यच दिसली, तर मी आधी तो तक्ता करणाऱ्याकडे संशयाने पाहीन.